गोलखांबापाशी

त्या मैदानावर मी पहिल्यांदा गेले ती एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून. मैत्रीण मूळची नागपूरची. आता आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या स्वोर्ड्सला राहते आणि विमानतळावरच्या एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. आमची ओळख गणपतीतली. इथली काही मराठी घरं मिळून हॉल भाड्याने घेतात, तिथे ती आरतीला टाळ वाजवायची आणि मी पातेली घासायची. तिची मुलगी त्या वर्षी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आली होती. आमच्या म्हणजे ब्लँचर्डस्टाउनच्या बाजूला असलेल्या कॉलेजात. तिथे मी केमिस्ट्रीची लॅब सांभाळते. कोल्हापूरहून शिकायला म्हणून आले होते, आणि शिकून झाल्यावर तिथेच नोकरी लागली.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मैत्रिणीचा फोन आला.

"अगं, पोरगी म्हणते मी फुटबॉल खेळते. इतकी वर्षं बॅडमिंटनला पाठवली, ते सोडलं नं तिनं!"

"बरं आहे की."

"काय बरं आहे? बोटं मोडतील, दात पडतील. तू तिथंच असतेस, एकदा जाऊन पाहून ये नं. कोणासोबत खेळते, काय खेळते. मला तर काही सांगतच नाही."

बुधवारी दुपारी कॉलेजात बहुतेकांना खेळांसाठी सुट्टी असते. त्या बुधवारी मी लॅबचा पांढरा कोट काढून ठेवला, जाड जॅकेट चढवलं आणि मागच्या मैदानाकडे निघाले.

मी कोल्हापूरची, त्यामुळे फुटबॉल मला कोणी शिकवायला नको अशी माझी समजूत होती. आमच्याकडे पेठापेठांतल्या तालमींचे संघ असतात. सामन्याच्या दिवशी निम्मं गाव स्टेडियमकडे लोटतं, आणि जी पेठ हरते तिथे त्या संध्याकाळी चहाच्या गाड्यावरही कोणी मोठ्याने बोलत नाही. वडील मला लहानपणी बरोबर घेऊन जायचे. मुलींना कोणी फारसं नेत नसे, पण त्यांना एकट्याने सामना बघायला आवडायचा नाही आणि माझ्या भावाला खेळात काही रस नव्हता. त्यामुळे पायऱ्यांवर त्यांच्या शेजारी बसून ओरडायला मी लवकर शिकले.

आयर्लंडमध्ये फुटबॉल म्हटलं की बऱ्याचदा लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळाच खेळ असतो, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पबच्या टीव्हीवर तो ओझरता पाहिला होता. पण मैदानाच्या कडेला जाऊन उभी राहिले आणि आतलं कोल्हापूर जागं झालं. एका मुलीने उंच उडी मारून चेंडू दोन्ही हातांनी झेलला, आणि मी ओरडले, "हँड! अहो पंच, हँड!"

शेजारी कुबड्या घेतलेली एक मुलगी उभी होती. तिने माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"हात चालतात," ती म्हणाली. "आमचा फुटबॉल आहे हा."

मग तिने मला खेळ समजावून सांगितला. पंधरा जणी एका बाजूला. हातही चालतो, पायही चालतो. गोलाचे खांब इंग्रजी एच अक्षरासारखे, वर आभाळात गेलेले. आडव्या दांडीच्या खाली, जाळ्यात चेंडू गेला तर गोल, त्याचे तीन गुण. दांडीच्या वरून, दोन खांबांच्या मधून गेला तर पॉइंट, त्याचा एक.

"आणि आपण किती हरतोय?" मी विचारलं. 'आपण' कसं तोंडात आलं कोण जाणे.

"मी मोजणं थांबवलंय," ती म्हणाली.

ही कोच होती. वय एकवीस असेल. बिझनेसच्या दुसऱ्या वर्षाला होती. आदल्या मोसमात खेळताना तिच्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला, ऑपरेशन झालं. जुन्या संघातल्या बहुतेक मुली पास होऊन निघून गेल्या आणि संघ बंदच पडायची वेळ आली. शिकवायला कोणी मोठं माणूस तयार होईना, तेव्हा ही म्हणाली, पळता येत नाही तर निदान ओरडते तरी. तिची एक मैत्रीण पश्चिमेच्या मेयो भागातली, बुटकी, घोगऱ्या आवाजाची. ती कॅप्टन झाली. तिने हॉस्टेलची दारं ठोठावून मुली गोळा केल्या. त्यातल्या निम्म्या खऱ्या खेळाडू होत्या. उरलेल्यांत एक हॉकीवाली, दोघी बास्केटबॉलच्या, आणि एक शाळेत फक्त धावायची. माझ्या मैत्रिणीच्या लेकीला कॅप्टनने जिममध्ये बॅडमिंटन खेळताना पाहिलं आणि सरळ जाऊन विचारलं होतं, "तुझे हात चपळ आहेत. गोलात उभी राहशील?"

मध्यंतरात ती मुलगी माझ्याकडे चालत आली. गुडघ्यांपर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले. इथे वाढलेली ही पोरं मराठी सगळं समजतात, उत्तर मात्र इंग्रजीत देतात, तेही अस्सल डब्लिनच्या हेलात. तिचं सगळं बोलणं मी इथे मराठीत लिहितेय. मूळ मराठी शब्द त्यात एकच असायचा, 'मावशी'.

"मावशी, आईने पाठवलं ना?"

"हो."

"ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे'. तिने नाक पुसलं. "मग माझ्या गोलामागे येऊन उभी राहा. तिथे कधीच कोणी नसतं."

मी गेले. आणि पहिले दोन सामने माझी जागा तीच झाली.

हरणाऱ्या संघाच्या गोलामागे उभं राहिलं की सामन्यातलं काही चुकत नाही. सगळं आपल्या दारातच घडतं. मागे काटेरी झुडपांची लांब रांग होती. समोरच्या संघाने मारलेला प्रत्येक पॉइंट दांडीवरून येऊन त्यात पडायचा आणि मी तो काढून आणायची. हाताला ओरखडे पडायचे. डोक्यावरून विमानं इतक्या खालून उतरायची की खिडक्या मोजता याव्यात. चेंडू परत दिला की ती "थँक्स मावशी" म्हणायची, तो खाली ठेवायची, दोन श्वास घ्यायची आणि पुन्हा मैदानात मारायची. तिची किक लांब जायची नाही. बहुतेक वेळा ती समोरच्या संघाच्याच हातात पडायची आणि त्या पुन्हा आमच्याकडे धावत यायच्या.

मला वाटलं होतं ती चिडेल, रडेल. पहिल्या सामन्यात तिने किती गोल खाल्ले ते सांगण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक गोलानंतर ती उठायची, हातमोजे झटकायची आणि आपल्या पुढच्या बचाववालीला नावाने हाक मारून काहीतरी सांगायची. दोष द्यायची नाही. "पुढच्या वेळी तू डावीकडे, मी उजवीकडे," असलं काहीतरी. आणि त्या दमलेल्या मुली मान हलवायच्या, जणू पुढची वेळ खरंच वेगळी असणार होती.

त्या संध्याकाळी मी मैत्रिणीला फोन केला.

"दात शाबूत आहेत," मी म्हटलं.

"जिंकल्या का?"

"नाही."

"थोडक्यात हरल्या?"

"नाही गं. चांगल्याच हरल्या."

"मग हिला एवढा आनंद कशाचा झालाय? आल्यापासून गुणगुणते आहे."

"ते तिलाच विचार," म्हणून मी फोन ठेवला. पण पुढच्या बुधवारी मी कोणी न सांगता गेले.

तिसऱ्या सामन्याच्या आधी कोच माझ्या लॅबच्या दारात आली. एका काखेत कुबडी, दुसऱ्या हातात दोन छोटी निशाणं, एक पांढरं, एक हिरवं.

"तुमच्याकडे पांढरा कोट असेल ना?"

या खेळात प्रत्येक गोलखांबापाशी एक माणूस लागतो. त्याला अंपायर म्हणतात, आणि तो पांढरा कोट घालतो. मुख्य पंच मैदानात पळत असतो. चेंडू आत गेला की बाहेर, ते खांबापाशी उभ्या असलेल्या अंपायरने सांगायचं. पॉइंट झाला तर पांढरं निशाण वर, गोल झाला तर हिरवं, बाहेर गेला तर दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवायचे. मोठ्या सामन्यांना त्यासाठी ठरलेली माणसं असतात. आमच्यासारख्या तळाच्या सामन्यांत दोन्ही संघांनी आपापली माणसं द्यायची. आमच्याकडे माणूस नव्हतं.

"पण मी तर तुमच्या बाजूची," मी म्हटलं.

"सगळेच कोणाच्या तरी बाजूचे असतात," ती म्हणाली. "फक्त जे दिसेल ते सांगायचं."

तर मी लॅबचा कोट घालून उभी राहिले. त्याच्या खिशावर कसल्यातरी रसायनाचा नारिंगी डाग होता. समोरच्या संघाचा पहिला पॉइंट गेला आणि मला स्वतःच्या हाताने पांढरं निशाण उचलावं लागलं. ते मी जेमतेम खांद्यापर्यंत नेलं. आमच्या कीपरने, म्हणजे मैत्रिणीच्या लेकीने, मागे वळून पाहिलं आणि तिला हसू आलं. "मावशी, जरा वर धर. पंचाला दिसत नाहीये."

हळूहळू सगळ्याच मला मावशी म्हणायला लागल्या. त्यांच्या तोंडी ते 'मॉशी' व्हायचं. मला वाटतं निम्म्या मुलींना ते माझं नावच वाटत असावं. मीही दुरुस्त केलं नाही.

अंपायरला सामनाभर एकाच टोकाला राहावं लागतं. त्यामुळे पहिल्या अर्ध्यात मी आमच्या कीपरजवळ असायची, आणि बाजू बदलल्या की आमच्या पुढच्या फळीची वाट बघत परक्या कीपरजवळ. ही वाट बघणं फार लांबायचं. दुसऱ्या टोकाला कल्लोळ चाललेला दिसायचा आणि माझ्या बाजूला मी, ती परकी मुलगी आणि वारा. एकदा तर त्या मुलीने मला विचारलं, "तुम्हाला थंडी वाजतेय का? माझं जॅकेट जाळ्यामागे आहे, घ्या." घेतलं मी.

नोव्हेंबरात आम्ही दक्षिणेकडच्या एका कॉलेजात खेळायला गेलो. मिनीबस ठरवली होती. निघायच्या वेळी मोजलं तर मुली तेराच. दोघींना ताप, एकीची परीक्षा, एक उठलीच नाही. कोच ड्रायव्हरशेजारी बसून यादी पुन्हा पुन्हा मोजत होती. कॅप्टन मधल्या वाटेत उभी राहून म्हणाली, "तेरा तर तेरा. बसमध्ये जागा मोकळी मिळाली."

तिथे पोचल्यावर त्यांच्या कोचने चांगुलपणा दाखवला. मध्यमवयीन बाई होत्या. म्हणाल्या, "आम्हीही दोघींना बाहेर बसवतो, तेरा-तेरा खेळू."

कॅप्टनने आमच्या कोचकडे पाहिलं. कोचने खांदे उडवले, तू ठरव म्हणून.

"आभारी आहे," कॅप्टन म्हणाली, "पण तुमच्या दोघी कपडे घालून तयार होऊन आल्यात, त्यांना का बसवायचं? तुम्ही पंधरा खेळा."

मला तिचा राग आला, खरं सांगते. वाटलं, ही ऐट कशाला? पण नंतर बघितलं तर ती ऐट नव्हती. ती सामनाभर दोन जागा खेळली. मागे येऊन चेंडू अडवायचा आणि तोच घेऊन पुढे पळायचं. शेवटी शेवटी तिचे पाय वाकडे पडत होते. आमचा त्या मोसमातला सगळ्यात मोठा पराभव तोच. पण त्याच सामन्यात हॉकीवालीने आमचा पहिला गोल केला. जमिनीवरून घरंगळत आलेला चेंडू तिने धावत येऊन असा काही मारला की कीपर हललीच नाही. माझ्या टोकाला घडलं ते. हिरवं निशाण हातात होतं. मी ते उचललं आणि खाली घ्यायला विसरले. पंचाने दोनदा हात केला तेव्हा भानावर आले. आमच्या तेरा जणी मैदानाच्या मधोमध एकमेकींवर पडल्या होत्या, आणि त्यांच्या बाजूच्या मुली टाळ्या वाजवत होत्या.

सामना संपल्यावर कॅप्टनने झाडू शोधून आणला आणि ड्रेसिंग रूम झाडून घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. "आपला चिखल आहे," एवढंच म्हणाली. मग दुसरीने खुंट्यांवरचे टॉवेल गोळा केले, तिसरीने बाटल्या. मी दारात उभी राहून बघत होते. इतक्या मोठ्या फरकाने हरल्यावर माणूस इतकं नीट वागू शकतं, हे मला नवीन होतं. आमच्याकडे स्टेडियमवर हरल्यावर काय काय फेकलेलं पाहिलंय मी.

परतीच्या बसमध्ये मी पिशवीतून भडंग काढलं. सासूबाईंनी कोल्हापूरहून पाठवलेलं होतं, चांगलं झणझणीत, लसूण घातलेलं. आधी सगळ्यांनी शंकेने एकेक दाणा उचलला. मग डोळ्यांतून पाणी, मग पाण्याच्या बाटल्या, मग "अजून आहे का?" आमची कीपर ऐटीत सांगत होती की ती हे लहानपणापासून खाते. तिचेही कान लाल झाले होते, पण मी बोलले नाही. त्यानंतर प्रत्येक सामन्याला भडंग न्यायचं हे माझ्याकडे लागलं.

डिसेंबरात सरावाच्या वेळी तिचं बोट दुखावलं. मोडलं नव्हतं, पण उजव्या हाताचं मधलं बोट वांग्यासारखं सुजलं. मी तिला गाडीने स्वोर्ड्सला घरी सोडायला गेले. मैत्रिणीने दार उघडलं, हात पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

"झालं हे पुरे आता," ती म्हणाली. स्वयंपाकघरात नेऊन तिने बर्फ काढला, फडक्यात गुंडाळला, लेकीच्या बोटाला धरला. "एक तरी सामना जिंकला का तुम्ही? मग कशाला मार खाता? तुला हरायला आवडतं का, बापा?"

मुलगी टेबलाशी बसून ओल्या मोज्यांनी जमीन भिजवत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हरायला नाही आवडत."

"मग?"

"त्या सगळ्या पुढे पळतात ना, आई, त्या मागे बघत नाहीत. कारण मागे मी आहे. मी नाही गेले तर त्यांना मागे बघावं लागेल."

मैत्रिणीने बर्फाचं फडकं खाली ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, मी सिंककडे पाहिलं. मग तिने तवा ठेवला, गरम पोळी केली, तूप लावलं, गुंडाळी केली आणि लेकीच्या डाव्या हातात दिली. "बोट बरं होईस्तोवर नाही जायचं," ती म्हणाली. "नंतरचं नंतर पाहू."

नंतर ती गेली, अर्थातच. दोन बोटं एकत्र चिकटपट्टीने बांधून.

जानेवारीत काहीतरी बदलायला लागलं. जिंकत नव्हत्याच, पण फरक कमी व्हायला लागला. कोचच्या कुबड्या गेल्या होत्या, गुडघ्याला पट्टा आला होता. ती कीपरला शिकवायला रोज थोडा वेळ थांबायची. चेंडू उंच मारायच्या नादाला लागू नकोस, जवळच्या मोकळ्या मुलीकडे दे. त्या छोट्या किकनी आमचं अर्धं दुखणं गेलं. धावणारी मुलगी आता चेंडू न सोडता धावायला शिकली होती. आणि त्या एकमेकींना हाका मारायला लागल्या होत्या. पहिल्या सामन्यात मैदानावर फक्त कॅप्टनचा घोगरा आवाज असायचा. आता डोळे मिटून उभी राहिले तरी कोण कुठे आहे ते मला कळायचं.

शेवटचा सामना फेब्रुवारीत, आमच्याच मैदानावर, तळाच्याच दुसऱ्या एका संघाशी. कप वगैरे काही नव्हतं. जिंकलं किंवा बरोबरी झाली तर निदान मोसमाच्या गुणतक्त्यात आमच्या नावापुढे काहीतरी लागलं असतं. मैत्रिणीने त्या दिवशी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढली होती. गमबूट, दोन स्वेटर, वरून रेनकोट अशा थाटात ती कोचच्या शेजारी उभी राहिली आणि पहिल्याच मिनिटाला "अरे, पोरीला धक्का दिला!" म्हणून ओरडली. कोचने तिला काहीतरी समजावून सांगितलेलं मी लांबून पाहिलं.

वारा भयंकर होता. पहिल्या अर्ध्यात तो आमच्या तोंडावर होता आणि तरी आम्ही टिकलो. कीपरने दोन चेंडू असे अडवले की माझ्या तोंडून शिट्टी गेली. अंपायरने ते करायचं नसतं. दुसऱ्या अर्ध्यात मी आमच्या पुढच्या फळीच्या टोकाला होते, आणि त्या मोसमात पहिल्यांदाच तिथे मला फुरसत मिळाली नाही. पॉइंट, मग पुन्हा पॉइंट. पांढरं निशाण वर-खाली करून खांदा भरून आला. समोरच्या खांबापाशी त्यांच्या संघातली एक बदली मुलगी अंपायर होती. ती प्रत्येक वेळी चिंतेने माझ्याकडे बघायची आणि मीही तिच्याकडे.

वेळ संपत आली तेव्हा आम्ही एका पॉइंटने मागे होतो. धावणारीने चेंडू उजव्या कडेने आणला, आत दिला. कॅप्टनला तो तिरक्या कोनात मिळाला. तिला दोघींनी घेरलं होतं. तिने अंग वळवलं आणि मारला. चेंडू खूप उंच गेला, खांबाच्या टोकाच्याही वर, आणि वाऱ्याने तो माझ्या खांबाकडे ओढला.

मी मान वर करून अगदी खांबाच्या रेषेत उभी होते. चेंडू बाहेरून गेला. हातभर, फार तर. तो कसा फिरत होता, त्याच्यावरचा चिखल कुठे लागला होता, तेही मला दिसलं.

मागे आमच्या मुली उड्या मारत होत्या. "पॉइंट! पॉइंट!" काठावरून मैत्रिणीचाही आवाज आला. पलीकडची मुलगी गोंधळून माझ्याकडे बघत राहिली. चेंडू माझ्या बाजूचा होता, तिला तिथून कळणं शक्य नव्हतं. पंच धावत आला.

"तुम्हाला दिसला का?"

"दिसला."

"मग?"

मी निशाण काखेत धरलं आणि दोन्ही हात डोक्यावर आडवे हलवले.

त्यानंतर पंचाने शिट्टी वाजवली आणि मोसम संपला. काही जणी तिथेच खाली बसल्या. हॉकीवाली तोंड झाकून रडत होती. मी खांबाला धरून उभी राहिले. जावं की थांबावं कळेना. कॅप्टन माझ्याकडे चालत आली. ओठ फुटला होता.

"बाहेर होता?"

"बाहेर होता."

"किती?"

मी हात पसरून दाखवला.

तिने मान हलवली. "पायातून सुटला तेव्हाच कळलं होतं मला," ती म्हणाली. मग तिने माझ्या कोटाची बाही धरली आणि मला बाकीच्यांकडे घेऊन गेली, मी हरवलेलं पोर असल्यासारखं. कोणी मला एक शब्द बोललं नाही. म्हणजे वाईट असा नाही. कोचने माझ्या पाठीवर थोपटलं. दुसऱ्या टोकाहून आमची कीपर धावत आली. तिला काही दिसलंच नव्हतं, तिला वाटत होतं बरोबरी झाली. कोणीतरी सांगितलं. तिने एकदा आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाली, "हातभर? नुसतं हातभर?" आणि ती हसायला लागली. ते हसणं इतकं खरं होतं की एकेक करून सगळ्यांना लागलं.

तेवढ्यात मैत्रीण चिखलातून वाट काढत आली. "अगं, तू हात हलवलेस तशा त्या पोरी का रडायला लागल्या?" तिने मला विचारलं. "जिंकलो नं आपण?"

तिला समजावून सांगायला मला बराच वेळ लागला. सगळं ऐकल्यावर तिने पर्समधून रुमाल काढला आणि कॅप्टनचा ओठ पुसायला लागली. कॅप्टन निमूटपणे पुसून घेत होती.

नंतर आम्ही सगळ्या कँटीनमध्ये चिप्स खात बसलो. मी त्या मुलींकडे बघत होते. सरासरी वय एकोणीस-वीस. कोणी त्यांच्यासाठी पाटी लावली नव्हती, कोणी फोटो काढला नव्हता. आठवड्यामागून आठवडे त्या ओल्या मैदानावर आल्या, हरल्या, स्वतःचा चिखल झाडून घरी गेल्या आणि पुन्हा आल्या. मी त्यांच्या दुप्पट वयाची. पण त्या वर्षात लॅबमध्ये, घरात काही मनासारखं झालं नाही की मला तो कॅप्टनचा चेहरा आठवायचा, "तुम्ही पंधरा खेळा" म्हणतानाचा. मोठ्यांचा आदर करायला मला लहानपणी शिकवलं होतं. इतक्या लहान माणसांविषयी तसं वाटायची ती माझी पहिलीच वेळ.

उन्हाळ्यात कॅप्टन प्रशिक्षणासाठी एका कंपनीत गेली, सहा महिने बाहेरगावी. कोचचा गुडघा बरा झाला आणि ती स्वतः खेळायला लागली. कोच म्हणून कोणीतरी नवीन मिळालं. सप्टेंबरात नव्या मुली आल्या. आणि माझ्या नशिबाने नेमकं बुधवार दुपारचं एक प्रॅक्टिकल माझ्याकडे आलं.

पहिला सामना होता त्या दिवशी मी पहिल्या वर्षाच्या मुलांना ब्युरेट, म्हणजे मापाची काचनळी, कशी धरायची ते दाखवत होते. खिडकीतून मैदान दिसत नाही, पार्किंग दिसतं. दोनदा कुठूनतरी ओरडा ऐकू आला, पण कुणाचा ते कळेना. प्रॅक्टिकल संपत आलं तेव्हा लॅबच्या दारावर कोणीतरी टकटक केलं. आमची कीपर उभी होती, पूर्ण चिखलाने माखलेली, बुटांसकट. मागच्या कॉरिडॉरमध्ये तिच्या पावलांचे ठसे उमटले होते.

ती काही बोलायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं, जिंकल्या होत्या. ती मात्र आत यायला निघाली.

"तिथेच थांब," मी म्हटलं. "लॅबमध्ये चिखल नको. दारातून सांग. पहिल्यापासून सांग, काही गाळू नकोस."

ती चौकटीला टेकली, हातमोजे काढले, आणि नाणेफेक कोणी जिंकली तिथून तिने सुरुवात केली. माझ्या पाठीमागे मुलांनी हातातली ब्युरेट खाली ठेवली होती.